‘मी’ म्हणायची बंदी

आमच्या घरात ‘मी’ म्हणायला बंदी होती. कायदा नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते पांढुर्ण्याच्या मुलांच्या शाळेत मास्तर होते, आणि घरी जेवताना कुणाच्या तोंडून ‘मी’ निघालं की त्याच्या पानातलं तूप जायचं. आई वरणभातावर तुपाची धार सोडायला वाकलेली असायची, तेवढ्यात माझा धाकटा भाऊ उत्साहानं सांगायला लागायचा की मी आज वर्गात सगळ्यात आधी गणित सोडवलं. नाना डोळे मिटून मान हलवायचे आणि आईचा हात तिथंच थांबायचा. ‘आज गणित लवकर सुटलं’ असं म्हणायचं, कारण ज्याच्या बोलण्यात ‘मी’ फार त्याच्या मनात दुसऱ्या कुणाला जागा नसते, असं नाना समजावून सांगायचे. वाचलेलं तूप मग त्यांच्या भातावर पडायचं. वाया कशाला घालवायचं, म्हणायचे. आम्ही तिघं भावंडं वर्षानुवर्षं कोरडा भात खात नम्र झालो, आणि त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

घर जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या गल्लीत, भाड्याचं, कवेलूंच्या छपराचं. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचा आणि त्याची घरघर होळीपर्यंत कानातून जायची नाही. कापसाचे तंतू हवेत उडत राहायचे, ते केसांत अडकायचे, पाण्याच्या घागरीवर तरंगायचे, पिठात मिसळायचे. भोंगा झाला की आई चुलीवर तवा ठेवायची, नागपूरची पॅसेंजर शिट्टी देऊन गेली की शेवटची भाकर उतरायची. घड्याळ फक्त नानांच्या खिशात होतं. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, गुरुवारी गोळ्याची कढी, आणि पाहुणा आला तर पाटवडीचा रस्सा, त्याचं तिखट जिभेवरून उतरायला संध्याकाळ व्हायची. संत्र्याच्या दिवसांत बाजाराच्या रस्त्यानं बैलबंड्यांची रांग लागायची. दबलेली, डागाळलेली संत्री आमच्यासारख्यांच्या घरी टोपल्यानं यायची, आणि आई सालं वाळवून डोकं धुवायला ठेवायची. आजही संत्रं सोलताना तो वास आला की मला आमच्या घरापुढची छपरी, म्हणजे ओसरी, आठवते, आणि छपरी आठवली की आत्या.

आत्या नानांची मोठी बहीण. वीस वर्षांची व्हायच्या आत विधवा झाली आणि भावाकडे आली, ती मरेपर्यंत तिथंच राहिली. तिला ‘मी’शिवाय वाक्य सुरू करता यायचं नाही. मी पाणी भरलं, मी ढोराले चारा टाकला, मी वैद्याले बोलावून आणलं, मी रातभर पोराच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. गल्लीत तिला मीबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. नानांनी कायदा केला त्या दिवशी तिनं आपल्या पानाजवळची तुपाची वाटी स्वतःच पुढे सारली. म्हणाली, “राहू दे तुह्यं तूप, दत्तू. मी माह्या तोंडाले कुलूप नाई लावत.” त्यानंतर तिच्या भातावर कुणी तूप वाढलं नाही आणि तिनं मागितलं नाही. नाना आलेल्यागेलेल्यांना हळू आवाजात सांगायचे, ताईचा स्वभाव जरा अहंकारी आहे, पण आपण सांभाळून घ्यायचं. पाहुणे नानांच्या सोशिकपणाचं कौतुक करत आणि आत्यानं केलेला चहा पीत.

परवा माझ्या नातवानं मला विचारलं, आजी, सारखं मी मी करणारा माणूस स्वार्थी असतो का गं. त्याची बायको त्याला तसं म्हणाली होती. मी त्याला सांगितलं की आधी ‘मी’च्या पुढे काय येतं ते ऐक. आमच्या शेजारी कापसाचे एक दलाल राहत, तेही दर वाक्यात ‘मी’ म्हणत, आणि तो माणूस खरोखरच स्वतःपलीकडे कुणाचा नव्हता. आत्याही तितक्याच वेळा म्हणायची, पण तिच्या ‘मी’च्या पुढे नेहमी काहीतरी काम यायचं, आणि बहुतेक वेळा ते दुसऱ्या कुणाचं असायचं. नानांच्या ‘आपण’च्या पुढे हुकूम यायचा. आपण उद्या लवकर उठायचं, म्हणजे आईनं उठायचं. आपण यंदा नवं लुगडं घ्यायचं नाही, म्हणजे आईनं आणि आत्यानं घ्यायचं नाही. नातू हसला, त्याला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. मी गंमत करत नव्हते. या प्रकरणात मी किती वेळा ‘मी’ म्हणते ते ज्याला मोजायचं त्यानं खुशाल मोजावं, माझ्या पानातलं तूप काढून घेणारा आता कुणी राहिलेला नाही.

स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. मी मराठी सातवी पास होऊन घरात बसले होते, आणि पुढे काय हा प्रश्न माझ्यापुरता कुणी काढत नव्हतं. गल्लीतल्या पोरी दुपारी छपरीत येऊन बसायच्या. काही कोष्ट्यांच्या, काही माळ्यांच्या, काहींच्या आया जिनात सरकी निवडायला जायच्या. त्यांना शाळेत कुणी घातलेलं नव्हतं. एक दिवस त्यांच्यातल्या एकीनं नानांच्या पुस्तकावर बोट ठेवून मला विचारलं, हे काय लिवलं हाये इथं. मी तिला ‘क’ दाखवला. दुसऱ्या दिवशी तिनं बहिणीला आणलं. संत्र्याच्या पेट्यांच्या तुटक्या फळ्या आत्यानं बाजारातून मागून आणल्या, दिव्याची काजळी आणि डिंक खलून त्या काळ्या केल्या, आणि आमच्या पाट्या तयार झाल्या. त्या पाट्यांना शेवटपर्यंत संत्र्याचा वास होता. दोन उन्हाळे जाईपर्यंत माझ्यासमोर बावीस पोरी बसत होत्या. त्या आधी आपलं नाव लिहायला शिकल्या, मग आईचं, मग बाजाराची यादी. एकीनं तर मामाला पत्र लिहिलं आणि उत्तर आल्यावर ते पत्र सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. दुपारी भोंगा झाला की मी पदराला हात पुसून छपरीत जायची, आणि त्या दोन तासांत मला वाटायचं की माझा जन्म कशासाठी आहे ते मला सापडलं आहे. एवढं खात्रीनं मला पुढच्या आयुष्यात दुसऱ्या कशाबद्दल वाटलं नाही.

आत्या दारापाशी सरकी निवडत बसायची, तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. कुणी पोरगी आली नाही तर तिच्या घरी जाऊन, आईशी भांडून तिला घेऊन यायची. नाना चार वाजता शाळेतून यायचे, हात पाठीमागे बांधून क्षणभर छपरीत उभे राहायचे, छान चाललं आहे म्हणायचे आणि आत जाऊन चहा घ्यायचे. एकदा शाळा तपासायला साहेब आले तेव्हा नानांनी त्यांना घरी जेवायला आणलं. पाटवडीचा रस्सा खाता खाता नाना म्हणाले, आपल्याकडे मुलींचा एक वर्गही चालतो, आपण सगळे मिळून जमेल तेवढं करतो. साहेबांनी छपरीतल्या काळ्या फळ्या पाहिल्या आणि नानांच्या पाठीवर हात ठेवला. एवढं काम करून हा माणूस स्वतःचं नावसुद्धा घेत नाही, असं ते बरोबरच्या कारकुनाला म्हणाले. मी आत ताटं घासत होते आणि मला ऐकून अभिमान वाटला. खरंच वाटला, ते लपवून काय करू.

त्या साहेबांनीच सांगितलं की नागपुरात मास्तरणी तयार करणारी एक संस्था आहे, राहायची-जेवायची सोय आहे, दोन वर्षांनी नोकरी नक्की. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. तेव्हा नागपूर आमच्याच राज्याची राजधानी होती, सकाळी पॅसेंजरनं जाऊन संध्याकाळी परत येण्याएवढी जवळ. नानांनी अर्ज भरला. अर्जात ‘आजवर केलेलं कार्य’ असा एक रकाना होता. त्यात नानांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘घरात शिक्षणाचे वातावरण आहे.’ वर्गाचं नाव घालू का, असं मी घाबरत विचारलं. ते म्हणाले, आपली टिमकी आपण वाजवू नये, मोठ्या माणसांना न सांगता कळतं. मुलाखतीचं पत्र आलं तेव्हाही त्यांनी मला समोर बसवून नीट बजावलं की तिथं मी मी करू नकोस, विचारतील तेवढंच सांग, आणि सांगताना नजर खाली ठेव. त्यांना सुट्टी मिळेना आणि आईच्या अंगावर चौथं, तान्हं मूल होतं, म्हणून माझ्याबरोबर आत्या निघाली.

गाडीत आत्यानं तिखटमिठाच्या पुऱ्यांचं फडकं सोडलं आणि मला बळेच दोन खायला लावल्या. खिडकीबाहेर पळाटीची शेतं पांढरी फुटलेली होती, बाया कापूस वेचत होत्या. आत्या सगळ्या डब्याला सांगत होती की मी माह्या भाचीले मास्तरीण करायले नेऊन राहिली. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. मी तिला हळू बोल म्हणून खुणावलं, तर ती माझ्याकडे वळली.

“कुसुमे, तिथं साफ सांगजो. मी बावीस पोरी शिकवल्या म्हून सांगजो. दत्तूचं ऐकून मुकी नको होऊ.”

मी हो म्हटलं आणि मनात ठरवलं की तिचं ऐकायचं नाही. नानांसारखं व्हायचं होतं मला. आत्यासारखं, जिला गल्ली हसते तिच्यासारखं, मुळीच व्हायचं नव्हतं.

संस्थेच्या फाटकावर चपराशानं आत्याला अडवलं, आत फक्त उमेदवार. ती कडुनिंबाखाली गाठोडं घेऊन बसली आणि मी आत गेले. टेबलामागे दोन पुरुष आणि मध्ये जाड चष्म्याच्या मोठ्या बाई. त्यांचा आवाज कोरडा होता पण वाईट नव्हता. साहेबांनी बहुधा त्यांना काही कळवलं असावं, कारण त्यांनी पहिलाच प्रश्न वर्गाचा काढला. तुमच्या घरी मुलींचा वर्ग चालतो म्हणतात, शिकवतं कोण? मला उत्तर पाठ होतं, ते माझ्या आयुष्याचं उत्तर होतं. तरी माझ्या तोंडून निघालं, “सगळ्यांच्या मदतीनं चालतं.” बाईंनी पुन्हा विचारलं, सगळे म्हणजे कोण. मी म्हटलं, वडील आहेत, आत्या आहे. आणि तू, त्यांनी विचारलं, तू काय करतेस? मी खाली पाहत म्हटलं, थोडी मदत. त्या थांबल्या, मला वाटतं मला आणखी एक संधी देण्यासाठीच थांबल्या, आणि म्हणाल्या, तुला शिक्षिका व्हायचं आहे का. मी म्हटलं, वडील म्हणतील तसं. त्यांनी चष्मा काढून पुसला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि मला जायला सांगितलं.

माझ्यानंतरची मुलगी दारातच उभी होती, ती आत गेली आणि तिचं सगळं मला बाहेर ऐकू आलं. ती ठणठणीत आवाजात सांगत होती की मी आमच्या शेजारच्या चार मुलींना बाराखडी शिकवली, मला शिकवायला आवडतं, मला हेच करायचं आहे. चार मुली. मी भिंतीशी उभी राहून तिच्याबद्दल मनात म्हटलं, किती ही मी मी करते, हिला कोण घेणार. फाटकाशी आले तर चपराशी आत्याच्या गाठोड्यातली पुरी खात होता. तो मला हसून म्हणाला की बाई, तुम्ही तर बावीस पोरींना लिहिणं शिकवलं म्हणे, काजळीच्या पाट्यांवर. त्या दिवशी त्या संस्थेत वर्ग कोण चालवतं हे एकट्या त्याला कळलं होतं. परतीच्या गाडीत आत्यानं विचारलं, सांगतलं नं तू? मी हो म्हटलं. ते खोटं बोलणं मी कुणाजवळ आजवर कबूल केलेलं नाही.

महिन्याभरानं पत्र आलं. नानांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, आपला नंबर लागला नाही, आपण पुढच्या वर्षी पाहू. पुढचं वर्ष आलं तेव्हा राज्यांची उलथापालथ झालेली होती. नागपूर त्या बाजूला गेलं आणि आम्ही या बाजूला राहिलो, आमची राजधानी भोपाळ झाली, जिथं आमच्या गल्लीतलं कुणी कधी गेलं नव्हतं. पुरुष बाजारात उभे राहून मराठी शाळांचं काय होणार यावर तावातावानं बोलत. त्या गर्दीत पुन्हा पाठवलेल्या माझ्या अर्जाचं काय झालं हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. अर्ज परत आला, त्यावर दोन ओळी होत्या की जागा त्यांच्या राज्यातल्या मुलींसाठी आहेत. इकडचं ट्रेनिंग लांब होतं आणि हिंदीतून होतं. आपण मुलीला एवढ्या लांब पाठवत नाही, नाना म्हणाले, आणि त्याच उन्हाळ्यात आपण सौंसरचं स्थळ नक्की केलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी माझं उत्तर ठरलेलं होतं. सासरी संत्र्याचा बगीचा होता, माणसं वाईट नव्हती. शिकवण्याचा विषय मी तिथं कधी काढला नाही. छपरीतल्या पोरी काही दिवस येऊन बसत राहिल्या, मग नानांच्या शब्दाखातर शाळेनं एक खोली दिली, सरकारी मास्तरीण आली, आणि वर्ग तिकडे गेला.

चार वर्षांनी नाना नोकरीतून मोकळे झाले तेव्हा शाळेच्या पटांगणात मोठा सत्कार झाला. मी सौंसरहून बसनं आले होते, थोरला मांडीवर होता. बायकांसाठी एका बाजूला सतरंजी घातली होती, तिथं आत्या, आई आणि मी बसलो. वक्त्यांमागून वक्ते उठले. गावात मुलींचं शिक्षण या माणसानं आणलं, असं प्रत्येकानं सांगितलं. कुणी म्हणालं, घरच्या छपरीत, संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांवर यांनी मुलींना अक्षरं शिकवली, आणि याबद्दल स्वतःच्या तोंडानं कधी चकार शब्द काढला नाही. नाना उत्तराला उठले. उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, हे एका माणसाचं काम नव्हे, आपण सगळ्यांनी मिळून केलं. केवढ्या टाळ्या पडल्या. मी मंचाकडे पाहत होते. आता पाहतील, आता एकदा तरी बायकांच्या सतरंजीकडे बोट करतील, असं मला वाटत होतं. त्यांनी इकडे पाहिलं नाही. मला वाटतं त्यांना खरंच आठवत नसावं, आणि त्यांना क्षमा करणं मला जमत नाही ते याचमुळे. चोराला निदान आपण चोरलं हे ठाऊक असतं.

टाळ्या थांबायच्या आत माझ्या शेजारी हालचाल झाली. आत्या गुडघ्यावर हात टेकून उभी राहत होती. एवढ्या पुरुषांसमोर बायकांतून कुणी उभं राहत नसे.

“दत्तू,” ती म्हणाली, आणि टाळ्या थांबल्या. “थो वर्ग कुसुमनं चालवला. तीन वर्सं. मी पाह्यलं. मी दारात बसून रोज पाह्यलं. तू चार वाजता येऊन चहा पीत होता.”

मग मागून एकजण म्हणाला, मीबाई सुरू झाली, आणि सगळीकडे हसू पसरलं. मंचावरचे पाहुणेही हसले. नानांनी सोशिकपणे हात जोडले, जसे ते घरी पाहुण्यांपुढे जोडायचे. आत्या बसली नाही. ती लोकांकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती. आता मी उठायचं होतं. हो, खरं आहे, मीच, एवढंच म्हणायचं होतं. सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या होत्या, त्यांच्यात माझ्या हातून नाव लिहायला शिकलेल्या दोघी होत्या, आणि त्याही वाट पाहत होत्या.

मी हात लांब केला आणि आत्याचा पदर धरून तिला खाली ओढलं. “बस न आत्या,” मी म्हटलं. “लोक हासून राहिले.”

ती बसली. तिनं पदर माझ्या हातातून हळू सोडवून घेतला आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात विचारलं, “मी खोटं बोलली का?”

मंचावर नानांच्या खांद्यावर शाल घालत होते. पुन्हा टाळ्या सुरू झाल्या, आणि मांडीवरचं पोर एका हातानं सावरून मीही टाळ्या वाजवल्या.